सेंट्रिंगचे चौदा दिवस

दि. ५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई नीट जेवते का? फोनवर ती हो म्हणते, म्हणून तुला विचारते आहे.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. इथे कारखान्याने आमचं नवं सिमेंट बंद ठेवलं आहे. पोलादाच्या भट्टीतून निघणारी मळी दळून आम्ही त्यात निम्म्याहून जास्त घालतो. तेवढी चुनखडी भाजायची वाचते आणि हवेत कार्बन कमी जातो. सहा वर्षं मी यात घातली. आता कँटीनमध्ये कुजबुज आहे की हिच्या मळीने हिच्याच बापाचा जीव घेतला. तोंडावर कोणी बोलत नाही.

पंधरा तारखेला चौकशी समिती बसेल. या सिमेंटचे चाचणीचे ठोकळे सातव्या दिवशी कच्चे असतात, अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र साध्या सिमेंटला मागे टाकतात. म्हणूनच बाबांना लिहिलं होतं, थंडीत चौदा दिवस स्लॅबखालचं सेंट्रिंग काढू नका. त्यांनी आठव्या दिवशी टेकू काढले आणि स्लॅब अंगावर आला. माझं पत्र पोचलंच नाही का? तसं असेल तर मी स्वतः यायला हवं होतं. खरं काय ते कळव.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

आई दोन घास खाते. बाबांची थापी तिने धुऊन ठेवली आहे, कोणाला हात लावू देत नाही.

पत्र पोचलं होतं. बाबांचा चष्मा फुटला होता, म्हणून मीच वाचून दाखवलं. तुझी खुशाली वाचली, नव्या खोलीतल्या ढेकणांची गंमत वाचली. ते हसले. चौदा दिवसांची ओळ मी गाळली. आदल्या आठवड्यात तू पाण्याचं माप कळवलंस, तेव्हा ते दोन दिवस घुम्यासारखे बसले होते. पोर आता बापाला गवंडीकाम शिकवणार, म्हणाले होते. पुन्हा रुसवा नको, सवडीने सांगू म्हटलं. सवड होती. मी विसरलो.

आठव्या दिवशी ते नेहमीसारखे टेकू काढायला आत गेले. मी बाहेर वाळू चाळत होतो.

आईला यातलं काही माहीत नाही. बाबांना आलेलं तुझं ते पत्र सोबत पाठवतो. समितीला दे, नाहीतर फाडून टाक. तू करशील ते मान्य. मनातून उतरवू नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
दादा

दि. १६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझ्याशी बोलावंसंच वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

तू पाठवलेलं माझं पत्र फाडायचं मनात आलं होतं. पण ते फाडलं असतं तर सगळा दोष मळीवर गेला असता. आणि पोत्यावर सेंट्रिंगचे दिवस छापायला हवे होते, ते मी सहा वर्षांत सुचवलं नाही. घरच्या माणसाला चार ओळी लिहिल्या आणि मोकळी झाले. हा माझा वाटा, तोही समितीला सांगितला.

पत्र काल दिलं. ते कोणी वाचून दाखवलं, असं अध्यक्षांनी विचारलं. माझ्या भावाने, एवढंच मी म्हणाले. पुढचं तुला सांगावं लागेल. सोमवारी दहाला तुला बोलावलं आहे. निघण्यापूर्वी आईला सांग. तिला ते बाहेरून कळता कामा नये.

माझ्याच खोलीवर उतर. मी स्टँडवर येईन. रागावलेली असेन, पण येईन.

तुझी,
धाकटी