दत्तूचा कोट

सांगली, गुरुवार, माघ, १९४७

दत्तूसाठी उद्या मुलगी बघायला जायचं, म्हणून दीर, दत्तू आणि मी पेठेत तयार कोट घ्यायला गेलो. स्वस्त आणि टिकाऊ माल देणारं दुकान मीच सुचवलं होतं. पायरीशी दीर म्हणाले, "वैनी, तुमी हितंच बसा. शुभाचं काम हाय." विधवेचा हात नव्या कपड्याला आधी लागू नये म्हणे. दत्तूला एकटीनं वाढवलं, तेव्हा हाच हात चालला.

दत्तू त्यांच्यामागं आत गेला. मग कोट घालून बाहेर आला, म्हणाला, "आई, बरा दिसतोय का?" दिसत होता. वडिलांसारखाच. कॉलर दुमडली होती, म्हणून हात पुढं केला, तर पोर मागं सरलं. त्याला तसं कुणी बजावलं असेल का? असलं तर बरं, निदान आपणहून सरला नाही असं तरी म्हणता येईल.