आदरार्थी बहुवचन

आये, खूप वर्षांनी तुला हाक मारतोय. आधी ‘आई’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू होतीस तोवर मी तुला कधी आई म्हटलं नाही, आणि आता म्हणू लागलो तर तू वळूनसुद्धा बघायची नाहीस. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे तुला वाचून कोण दाखवणार हाही प्रश्नच आहे. पण मास्तर माणसाला लिहिल्याशिवाय नीट विचार करता येत नाही, ही खोड आता माझ्याबरोबरच जाईल. मला तुला एकच विचारायचं आहे. साताऱ्याच्या त्या शाळेच्या खिडकीत तू किती वेळ उभी होतीस? त्या पोराने मला प्रश्न विचारला तेव्हा होतीस का? माझं उत्तर ऐकलंस का? बाकी सगळ्या गोष्टींशी मी केव्हाच जुळवून घेतलं. ही एक जुळत नाही, आणि वय झालं तशी जास्तच छळते.

मी बी. ए. झालो तेव्हा आपल्या वस्तीत गूळ वाटला होतास. मलकापूरच्या पलीकडच्या आपल्या त्या आठ-दहा घरांत एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. मग आटपाडीकडच्या एका हायस्कुलात मला नोकरी लागली. तिथले हेडमास्तर माणूस म्हणून बरे, पण दर उन्हाळ्यात मला बोलावून घ्यायचे आणि चहा पाजून सांगायचे, “गुरुजी, तुमचं शिकवनं झ्याक हाय, पर बी. एड. न्हाई तवर कायम करता येत न्हाई. जूनमदी बगू.” म्हणजे सुट्टी लागली की नोकरी सुटायची आणि शाळा उघडली की पुन्हा मिळाली तर मिळायची. एका वर्षी मी चिडून साताऱ्याच्या बी. एड. कॉलेजात चौकशी केली. पदवी हवी, तीही शाळेत शिकवतात त्या विषयांची. म्हणजे माझं मराठी आणि इतिहास चालणार होतं. शिकवल्याचा दाखला हवा, प्रकृती धडधाकट असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा, आणि मुलाखत. आत गेल्यावर लेखी परीक्षेत पास व्हायचं ते वेगळं आणि प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्यात पास व्हायचं ते वेगळं. एकात गटांगळी खाल्ली की दुसऱ्याचा उपयोग नाही.

हे सगळं तुला सांगितलं तेव्हा तू घर सारवत होतीस. “आनि काय शिकायचं ऱ्हायलंय आता?” असं विचारलंस. मी म्हणालो, शिकवायचं कसं ते शिकायचं. “मग इतकी वर्सं काय करत हुतास रं पोरांचं?” मी सांगू लागलो, तिथं सराव पाठ असतात, दुसऱ्यांच्या शाळेत जाऊन धडे घ्यायचे, ते प्राध्यापक मागे बसून बघतात. तू हात शेणात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस. “सारवायचं शिकायला सातारला चाललास? ये हिकडं, मीच दावते.” आणि मग आपल्याच बोलण्याला इतकी हसलीस की शेजारची माणसं बघायला आली. त्यानंतर मला सोडायला कराडच्या स्टँडवर आलीस तेव्हाही सगळ्यांना सांगत होतीस, ल्योक सारवायला चाललाय म्हणून. मला तू ‘आरं’ म्हणायचीस, ‘तू’ म्हणायचीस, राग आला की ‘भाड्या’ म्हणायचीस. ते आता कानात आणावं म्हटलं तरी येत नाही.

आणखी एक आठवतं, ते इथं सांगायलाच हवं. आपण धम्म घेतला त्या वर्षी तू एक गोष्ट सोडलीस. गावात कुणालाही ‘जी’ म्हणायचं सोडलंस. आजीपासून चालत आलेलं ते ‘व्हय जी’ तू ‘व्हय की’वर आणलंस. ज्यांच्या उसात खुरपायला जायचीस त्या पाटलांना ते पहिल्याच दिवशी लागलं आणि तो हंगाम आपल्याला कामाशिवाय काढावा लागला. मी तेव्हा शाळकरी. एका अक्षरासाठी एवढं कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालीस, “जी म्हटलं की मान आपसूक वाकती बग. एकदा वाकली की वर घ्यायला लय जोर लागतो.” पुढे आयुष्यभर मी व्याकरण शिकवलं, पण एका अक्षराचं असं वजन कुणी मला समजावून सांगितलं नाही.

साताऱ्यात मला मराठी शिकवण्याच्या पद्धतीला जे प्राध्यापक होते, ते सरावाच्या वेळी शेवटच्या बाकावर बसायचे. हातात शिसपेन्सिल. मी पहिल्याच पाठात “असं न्हाई” म्हणालो आणि मागून बाकावर टक असा आवाज आला. थोड्या वेळाने “पानी” म्हणालो, टक. पोरांना गंमत वाटू लागली, तीही वाट बघू लागली. पाठ संपल्यावर त्यांनी मला बाहेर घेतलं. “तुमची तयारी उत्तम आहे. वर्ग तुमचं ऐकतो. पण उच्चाराला स्वतंत्र गुण आहेत आणि बाहेरून येणारे परीक्षक त्यावर बोट ठेवतील. जीभ बदला. एका वर्षात बदलते, मीही बदलली आहे.” ते कुठल्या गावचे होते हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. मी मात्र मनावर घेतलं. अजिंक्यताऱ्याच्या वाटेला जाऊन मोठ्याने ‘आहे, नाही, होतं, पाणी’ असं घोकायचो. गुराखी पोरं माझ्यामागे तसंच ओरडत यायची. वर्ष सरता सरता टक व्हायचं थांबलं. मला केवढा आनंद झाला होता! आज तो आठवला की बरं वाटत नाही.

शेवटचा पाठ जवळ आला तेव्हा मी तुला पत्र घातलं, की बाहेरची माणसं येणार आहेत माझा पाठ बघायला. तुला वाचून दाखवणाऱ्याने तेवढंच वाचलं असावं. बाहेरची माणसं येऊन बघणार असतील तर आईला काय बंदी आहे, असा तू हिशेब केलास आणि एस. टी.त बसून थेट साताऱ्यात आलीस. गाठोड्यात धपाटी, ठेचा, आणि अंगावर लुगडं तेवढं नवं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी वर्गात होतो, मागच्या बाकावर दोन परीक्षक, आणि घटक होता आदरार्थी बहुवचन. प्रस्तावनेत विचारलं, घरी आजोबा आले तर काय म्हणाल? एक पोरगा ताडकन उठला, “आजोबा आला!” वर्ग हसला. मला तेच हवं होतं. मी फळ्यावर लिहिलं, ‘आजोबा आले’. माणूस एक, क्रियापद अनेकांचं. असं का? जो वयाने मोठा, जो शिकलेला, ज्याचा आपण मान राखतो, त्याला आपण ‘तू’ म्हणत नाही, ‘तुम्ही’ म्हणतो. हे सांगताना माझं लक्ष खिडकीकडे गेलं आणि गजांतून मला तुझं तोंड दिसलं. तू हसत नव्हतीस. गाणं ऐकावं तसं मान किंचित कलती करून ऐकत होतीस. मी नजर वळवली, कारण पाठात लक्ष ढळलं तर गुण जातात.

मग तो पोरगा पुन्हा उठला. “गुरुजी, मग आईला आपन तू का म्हनतो? ती मोटी न्हाई?” हा प्रश्न माझ्या पाठाच्या टाचणात नव्हता. परीक्षकांनी माना वर केल्या. मी म्हणालो, “आई सगळ्यांत मोठी. पण ती इतकी जवळची असते, की तिच्यात आणि आपल्यात ‘तुम्ही’ एवढं अंतरसुद्धा मावत नाही. म्हणून तिला तू.” मागे परीक्षकांपैकी एकजण “वा” म्हणाले. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं.

तू केव्हा गेलीस, आये? प्रश्नाच्या आधी, की उत्तराच्या नंतर?

पाठ संपवून ओसरीवर आलो तर तू पायरीवर बसली होतीस, मांडीवर गाठोडं. मला बघून उठलीस. तू कधी माझ्यासाठी उठली नव्हतीस. म्हणालीस, “झालं का तुमचं?” मला वाटलं, आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांचं विचारतेस. मी म्हणालो, बाकीच्यांचे उद्या आहेत, माझा झाला. तू गाठोडं सोडलंस. “मग खाऊन घ्या. सकाळधरनं उपाशी असाल.” तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी पास झालो, पदवी हाती आली, नोकरी कायम झाली. घरी गेलो की तू दारातच म्हणायचीस, “कवा आलासा? बसा.” मी किती वेळा म्हणालो, मला तू म्हण. “व्हय की,” म्हणायचीस आणि पुढच्याच वाक्याला “जेवनार न्हवं तुमी?” एकदा मी भांडलोच. तू हसलीस आणि म्हणालीस, “मास्तराला कुनी तू म्हनतं व्हय? तुमीच शिकवलंसा न्हवं.” ह्या वाक्यावर मी सगळं व्याकरण पालथं घातलं. माझ्या धड्याचा पहिला भागच तुझ्या कानी पडला असेल, तर ते ‘तुमी’ तुझ्या अभिमानाचं आहे. लेक शिकला, त्याला मान द्यायचा. पण तू दुसरा भागही ऐकला असशील, तर जवळच्याला तू म्हणायचं आणि लांबच्याला तुमी, हे मी तुला शिकवलं, आणि तू मला कुठे ठेवलंस ते सांगून टाकलंस. तेव्हाच सरळ विचारायचं होतंस, असं तू म्हणशील. मला उत्तराची भीती वाटत होती.

मग तुला ताप आला. वस्तीतल्या माणसांनी तुला मिरजेच्या दवाखान्यात नेलं आणि मला सांगावा धाडला. मी शाळेतून तसाच निघालो, पांढरा सदरा, खिशाला पेन, डोळ्यांवर चष्मा. तू भिंतीकडच्या खाटेवर होतीस. माझी चाहूल लागली तशी उठून बसायला बघू लागलीस, पदर सारखा केलास. “आवं सायेब, माज्या लेकाला कुनी सांगावा धाडलाय का? आटपाडीकडं मास्तर हाय त्यो.” मी म्हणालो, “मीच आलोय, बघ ना.” तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, डॉक्टरांचं न पटणारं बोलणं ऐकून हलवावी तशी. मग मी खाली बसलो, तुझा हात धरला आणि वर्षभर घोकून घोकून पुसलेलं ते सगळं हुडकून काढलं. “आये, म्या हाय गं. तुजा ल्योक हाय म्या. वळकलं न्हाईस व्हय?” तू माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिलीस. मग परक्या माणसाला बरं वाटावं म्हणून हसतात तशी हसलीस.

“लय आमच्यावानी बोलता की जी तुमी.”

आपण धम्म घेतल्यापासून तुझ्या तोंडी ते अक्षर मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि लेकाची वाट बघतच गेलीस. मी उशाशी बसलो होतो.

पुढे मीही सांगलीला असल्याच एका बी. एड. कॉलेजात शिकवायला लागलो. शेवटच्या बाकावर बसून पोरापोरींचे पाठ बघितले, कागदावर उच्चाराचे गुण दिले, पण बाकावर पेन्सिल कधी आपटली नाही. कुणी आदरार्थी बहुवचन हा घटक निवडला की मी म्हणायचो, हा नको, दुसरा घे. का, ते विचारायची त्यांची छाती नव्हती. आणि प्रत्येक पाठात, कुठल्याही गावच्या कुठल्याही शाळेत, माझं अर्धं लक्ष खिडकीकडे असायचं. पुष्कळदा तिथं कुणी तरी असायचंही. शिपाई, एखाद्या पोराची आई, रस्त्याने जाणारं कुणी. गजांतून तोंड दिसलं की मी मान खाली घालून लिहीत राहायचो. नोकरी संपली, ते सगळं सुटलं असं वाटलं होतं. आता घराच्या खिडकीत दिसतेस, मान किंचित कलती करून.

हे पत्र मी टाकणार कुठे? दोनदा वाचून बघितलं आणि मलाच हसू आलं. तुझ्या लेकाने तुला लिहिलेलं पत्र, आणि सगळं शुद्ध. असू दे. एक मात्र सांगून टाकतो. घरात कुणी नसलं की मी खिडकीकडे तोंड करून सराव करतो. “आये, म्या हाय.” जमलं नाही की पुन्हा. “म्या हाय, आये.” परवा सूनबाई अचानक बाजारातून परत आली आणि दारात थबकली. तिने विचारलं, “बाबा, नाटकात काम करताय का?” मी हो म्हणालो.