एकोणचाळीसचा ताप व इतर मालमत्ता

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे सोडून तब्येत ठीक आहे, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हे शांतपणे करीत आहे, जमेल तितके.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर केले. ते मुलीला मिळावे. ती आठवड्यातून दोनदा येते आणि निघताना दिवे-पंखे बंद करून जाते.

२. बँकेतील सर्व ठेवी मुलाला. तो परदेशात असतो. त्याला गरज नाही हे मला ठाऊक आहे. तरी त्यालाच.

३. शिलाई मशीन मुलीला. ड्रॉवरमधल्या कात्रीने कागद कापू नये.

४. पितळेचा मोठा डबा. विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी तो दोनदा हातात घेतला आणि "किती छान जपलाय हो!" म्हणाल्या. तो मुलीलाच द्यावा. विमानात चढू देऊ नये.

५. खुद्द विहीणबाईंना माझी मधली शाल द्यावी. नवी नको, विरलेलीही नको. द्यायची ती का, हे लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्यामुळे माझा मुलगा जिवंत आहे. रोज जपाच्या शेवटी मी त्यांचे नाव घेते. घेताना मला किती जड जाते ते देवाला माहीत आहे, म्हणून इथे लपवीत नाही.

चौदा वर्षांपूर्वी सुनेचा तिकडून फोन आला.

"आई, ह्यांना ताप आहे. एकोणचाळीसच्या वर गेलाय."

"एकोणचाळीस? अगं, मग ताप कुठे आहे? अठ्ठ्याण्णवपर्यंत तर काहीच नसतं!"

"नाही हो आई, खूप आहे."

"तुमचं यंत्र बिघडलंय. कपाळावर पाण्याची पट्टी ठेव, झोपू दे त्याला. उगाच फोनवर पैसे नको घालवू."

"बरं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी स्वयंपाकाला लागले. नव्या सुनेला नवऱ्याची शिंकही मोठी वाटते, असे मुलीला हसत सांगितल्याचेही मला आठवते.

सुनेने मग आपल्या आईला फोन केला. त्या औषधाच्या कंपनीत नोकरीला होत्या, त्यांना दोन्ही मापे पाठ. दुसऱ्या दिवशी विमानात बसल्या. मुलाच्या फुप्फुसात पाणी झाले होते. एकवीस दिवस त्या त्याच्या उशाशी होत्या. मला कळले तेव्हा तो सूप पीत होता, आणि ते त्या पाजत होत्या.

तेव्हापासून तो त्यांना आई म्हणतो. अहोजाहो नाही, "अगं आई". विहीणबाई वर्षातले सहा महिने तिकडेच असतात. फोनवर "अगं आई, जरा थांब" असे ऐकू आले की मी थांबते, आणि मग कळते की ते मला नव्हते. त्याच्या बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो हातभर आहे. माझा फ्रिजवर, चुंबकाखाली.

सुनेच्या त्या फोननंतर चार महिन्यांनी मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे गेले. हेच या मृत्युपत्राचे पहिले साक्षीदार. त्यांनी नवे थर्मामीटर दाखवले. मी तिथेच तोंडात धरून पाहिले तर सदतीस. म्हटले, "हे खराब आहे, दुसरं द्या."

"काकू, खराब नाही. माप वेगळं आहे. यात सदतीस म्हणजे तब्येत ठणठणीत."

"आणि एकोणचाळीस?"

"एकशे दोनच्या वर झाला की हो! कोणाला आहे?"

मी स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिले.

६. जुने पाऱ्याचे थर्मामीटर, डबीसह, मुलाला. बाळा, हे कलम तुझ्यासाठी आहे. औषधवाल्यांनी माप सांगितले त्यानंतर तू बरा होऊन घरी आलास, तेव्हा जेवताना म्हणालास, "आई, तू आली नाहीस याचं वाईट नको वाटून घेऊस. तिकीट महाग होतं, मला कळतं." मला माफ करून वर भात वाढून घेतलास. मी गप्प राहिले, कारण समोर विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्यादेखत कसे सांगू, की घरातली पै न् पै जुळवणाऱ्या बाईला मुलाचा ताप मोजता आला नाही? चिक्कू म्हणवून घेणे सोपे वाटले. चौदा वर्षे ते सोपे राहिलेले नाही.

तू या काचेवरच्या रेघा बघ. चौऱ्याण्णवपासून सुरू होतात, एकशे आठला संपतात. तुम्हा दोघांचे लहानपणीचे सगळे ताप मी याच्यावर पाहिले. मला दुसरे माप माहीत नव्हते. तिकिटाचा विचार माझ्या मनात आलाच नाही, कारण तू आजारी आहेस हेच मला समजले नव्हते. समजले असते तर बांगड्या विकून आले असते.

७. कलम सहा वकीलसाहेबांनी मुलाला एकट्याला वाचून दाखवावे. सुनेला नंतर त्याने सांगावे; तिची चूक नव्हती. विहीणबाई त्या वेळी घरात असतील, असतीलच, तर त्यांना बाहेर नीट खुर्ची देऊन बसवावे. त्यांना सगळे आधी कळते. एवढे एक माझ्या मुलाला त्यांच्या आधी कळू दे.

वर लिहिलेले मी स्वतःच्या हाताने लिहून, दोनदा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: (घरमालकीण)
साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषधवाले
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१६