निरोप त्यानं धाडला

मंगळवार, दिवेलागण, पडेगाव

कॉलेज सोडल्यापासून एआय एजंटसाठी, म्हंजे माणसाच्या वतीनं कामं करणाऱ्या प्रोग्रामसाठी, टूलची वर्णनं लिहितोय; ती वाचूनच कुठलं टूल कधी वापरायचं ते एजंट ठरवतो. काल डोकं तापलेलं असताना 'निरोप पाठव' या टूलचं लिहिलं: मालकाच्या मनातलं संबंधित माणसाला कळवतं. कधी पाठवायचं नाय, ते लिहिलंच नाय. तपासायला माझाच फोन जोडलेला. एजंटनं फोनमधल्या माझ्या नोंदी वाचल्या अन् जिच्याशी माझं भांडण झालंय त्या रेश्माला माझ्या नावानं निरोप धाडला. माफीचा. नोंदींत तर मी तिला नुसत्या शिव्या दिल्या होत्या. त्याला माफी दिसली कुठं?

आज तिचा फोन. "लई दिवसांनी माणसासारखा बोललास रे. उद्या भेट."

"व्हय," म्हणालो.

वर्णन दुरुस्त केलं: आधी मालकाला विचार. पण माफी? ती माझी होती का?

उद्या तिला निरोप लिहिणारा भेटायला हवाय, अन् जाणार मी.