किलोमीटर तेच, काटा खाली

४ नोव्हेंबर, शनिवार

२८८ किलोमीटर. १९ लिटर. म्हणजे लिटरला पंधरा आणि वर चिमूटभर. साध्या पंच्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलवर हा तिसरा आठवडा, आकडा हलत नाही. शाळा सातवीत सुटली, पण भागाकार सुटला नाही!

मितिका तरीही ऐकायला तयार नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो आणि दिवसभर पंपावर नोजल धरून उभा असतो. रुमानियाहून इटलीत आलो ते एकाच बसने. तेव्हापासून माझं भलं कशात आहे ते माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं. म्हणे एकदा शंभर ऑक्टेनचं टाकून बघ. इंजिन आतून धुऊन निघतं, ॲव्हरेज वाढतं, चढाला गाडी उडते. मी म्हटलं, इथं चढ कुठाय? सगळा मुलूख पोळपाट. कालव्याच्या बांधावर चढायचं, तेवढाच घाट.

मी कामाला आहे त्या टायरच्या दुकानात मालकाला विचारलं. रुज्जेरोसाहेब टायर फिरवता फिरवताच हसले. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे म्हणे, दाबाखाली पेट्रोल अवेळी भडकू नये एवढंच ते. मोठ्या दाबाच्या इंजिनाला लागतं. तुझ्या गाडीला? "गाढवाला गुळाची चव काय, रेलू!" टाकीच्या झाकणाच्या आत कंपनीनंच ९५ छापलंय, ते वाच म्हणाले.

वाचलं. तरी आज शंभरचं टाकलं, टाकी फुल्ल. लिटरमागे पंचवीस सेंट जास्त. कारण नाताळात गावी जायचंय — मी, सफ्तामावशी, मितिका. सोळाशे किलोमीटर. कशावर जायचं ते आत्ताच कळायला हवं.

आणि मितिकाला एवढी घाई का, तेही. शंभरच्या लिटरवर त्याला पंपाच्या मालकिणीकडून काही सुटतं की काय?

६ नोव्हेंबर, सोमवार

फरक नाही. बांधावर तिसऱ्या गिअरमध्ये चढवली. तशीच धापली.

९ नोव्हेंबर, गुरुवार

काहीतरी आहे बुवा त्या पेट्रोलात!

गाडी राहते बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मागं, पॉपलरच्या झाडांखाली. आमच्या इमारतीला जागा नाही. सकाळी साडेसहाला गेलो तर सगळ्या गाड्यांच्या काचांवर बर्फ, माझी नुसती ओली. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. नेहमी दोनदा खोकते. आणि मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी गरम हवा! एरवी पुलापर्यंत हात बगलेत धरून बसतो.

मितिकाला सांगितलं. वाटलं छाती फुगवेल. तो नुसता "हं" म्हणाला आणि बूट पुसत बसला.

मितिका आणि गप्प?

११ नोव्हेंबर, शनिवार

२८५ किलोमीटर. २२.६ लिटर. दोनदा भागाकार केला. साडेबारा!

पंधरावरून साडेबारा. जास्त पैसे देऊन!

मितिकानं नोजल नीट लावलं नसेल, किंवा टाकी भरल्याची टकटक झाल्यावरही भरत राहिला असेल. पुढच्या शनिवारी मी स्वतः भरणार. मालकीण काय म्हणायचं ते म्हणो.

१२ नोव्हेंबर, रविवार

मावशीला भेटलो. नेहमी इनेस आजीच्या स्वयंपाकघरात भेटतो. मावशी तिथं पगारावर राहून आजीचं सगळं करते, आजी मला दर रविवारी निराळ्या नावानं हाक मारते, आणि मला सूप मिळतं. आज मावशी म्हणाली घरी नको, आजीची लेक मिलानहून आलीय, तिला माणसं खपत नाहीत. चर्चच्या बाहेर बाकावर बसलो. मावशीनं पिशवीतून ब्रेड आणि चीज काढलं. हात गार पडलेले तिचे. लेकीला चार शब्द सुनवावेत असं वाटलं, मावशीनं जाऊ दिलं नाही.

पेट्रोलचं सांगितलं. तिला यातलं ओ का ठो कळत नाही, पण आज सगळं विचारत होती — किती जातं, रोज बघतोस का, इतकं बारीक कशाला बघायचं?

१८ नोव्हेंबर, शनिवार

स्वतः भरलं. पहिली टकटक, बास.

२९१ किलोमीटर. २५.७ लिटर. सव्वाअकरा.

मालकीण पावती देत होती, तिथंच मोठ्यानं म्हणालो की तुमच्या शंभरमध्ये पाणी आहे. मागं दोन गाड्या उभ्या होत्या. बाई लाल झाली. मितिकानं माझा दंड धरून बाजूला नेलं. "पेट्रोलात काही नाही रे. बस कर."

मग कशात आहे? "बस कर" म्हणणाऱ्याला काहीतरी माहीत असतं.

परत साधं टाकलं. आता हा आठवडा बोलेल.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

अजून लवकर तापते! साध्यावरसुद्धा. रुज्जेरोसाहेबांना म्हटलं, शंभरनं इंजिन धुतलं असेल, त्याचा गुण राहिला. ते म्हणाले मग आता टायरही धुऊन निघाले का बघ. सगळे हसले.

मला हसू येईना.

२५ नोव्हेंबर, शनिवार

२८३. २५.१. पुन्हा सव्वाअकरा. साध्या पेट्रोलवर!

म्हणजे भारी-साधं हा प्रश्नच नाही. दोन्ही सारखंच पितेय. गाडी पीत नसेल तर कुणीतरी काढतंय.

रुज्जेरोसाहेबांनी गाडी वर घेऊन खालून बघितली. गळती नाही, नळी कोरडी, प्लग ठीक. हात पुसत म्हणाले, "इंजिन चांगलंय. शेजारी बघ."

शेजारी. माझ्या खाटेला एकच शेजारी आहे. आणि त्याच्याकडे मोपेड आहे.

२६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा चर्चचा बाक. मावशीला म्हटलं, मला मितिकाचा संशय येतोय. ती एकदम म्हणाली, "त्या पोरावर आळ घेऊ नकोस, रेलू. देव बघतो." मी विचारलं, तुला काय माहीत? तर म्हणे, तोंडावरून कळतं.

तोंडावरून! गावात ज्याच्या त्याच्या तोंडावर संशय घेणारी ही बाई. मितिकाचा एवढा पुळका कधीपासून?

खोकत होती. म्हटलं डॉक्टरकडे चल. म्हणे आजीचंच औषध घेतलंय.

२७ नोव्हेंबर, सोमवार

कुलुपाचं झाकण बसवलं टाकीला. किल्ल्या दोन. एक माझ्या जुडग्यात, एक खाटेखालच्या डब्यात.

२९ नोव्हेंबर, बुधवार

रात्री पेट्रोलच्या काट्यावरची काच पुसून त्याच्या टोकापाशी पेनानं बारीक रेघ मारली होती. किलोमीटरचा आकडाही हातावर लिहून घेतला. सकाळी — किलोमीटर तेच. काटा रेघेच्या खाली. केसभर, पण खाली.

कुलूप जागेवर. झाकणावर ओरखडा नाही. म्हणजे किल्लीनं उघडलं. डब्यातली किल्ली कुणाच्या हाताला लागते? खोलीत आणखी दोघं आहेत, पण ते बेकरीत, रात्रपाळीला. उरला एक.

तोंडावर विचारलं. तो मोजे वाळत घालत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हणालो, मोपेड काय हवेवर चालते का तुझी? तो म्हणाला, "तुला जे वाटतं ते वाट, भावा. मी तुझं काही घेतलेलं नाही." मी म्हणालो, आईची शपथ घे.

नाही घेतली! म्हणे, आधीच एक घेतलीय, दुसरी नको.

याचा अर्थ लहान पोरसुद्धा लावील.

३० नोव्हेंबर, गुरुवार

मालकिणीला सांगून आलो. पाणी आहे म्हणालो ती माझी चूक, माफ करा. तुमच्या पेट्रोलात खोट नाही, माणसात आहे. जो माझ्या टाकीतून काढतो तो तुमच्या टाकीला सोडेल का?

तिनं पावत्यांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाली, मुलगा तीन वर्षं माझ्याकडे आहे, एकदाही गल्ला चुकला नाही. मी म्हटलं, विचारा त्यालाच. रोज पहाटे साडेपाचला बाहेर पडतो, पंप सातला उघडतो. मधला दीड तास कुठं असतो?

हे तर मला बोलता बोलताच सुचलं. पण खरंच — कुठं असतो?

१ डिसेंबर, शुक्रवार

मितिकाला काढलं. मालकिणीनं विचारलं तो दीड तास कुठं असतोस, तर म्हणाला सांगता येणार नाही. बाई म्हणाली मग मलाही ठेवता येणार नाही.

संध्याकाळी आला, बॅग भरली. बेकरीतल्या एकानं विचारलं कुठं चाललास, तर म्हणे पादुआला चुलतभाऊ आहे. मी खाटेवर बसून वही उघडी धरली होती. काही लिहीत नव्हतो. दारात थांबून म्हणाला, "थंडी वाढलीय. टाकी भरलेली ठेव."

धमकी? टोमणा? मोपेडवर बॅग बांधून गेला. काम गेलं म्हणजे इथं राहायची नोंदणीही धोक्यात, हे मला माहीत आहे. त्यालाही. तरी बोलला नाही. चोर नसता तर बोलला असता. मी बोललो असतो.

शेजारची खाट उघडी पडलीय, गादीवर त्याच्या अंगाचा खळगा आहे. सोळाशे किलोमीटर आता मी आणि मावशीच.

जाता जाता गाडीवर सूड काढेल. टायर कापेल, काच फोडेल. उद्या पहाटे लवकर जाऊन बघतो.

२ डिसेंबर, शनिवार. सकाळी सव्वासहा

गाडीतच लिहितोय.

पाचला आलो. धुकं इतकं की झाडं दिसेनात, पण आवाज आला. माझ्याच इंजिनाचा. काचा आतून धुरकट. सोबत आणलेला पाना घट्ट धरला आणि दार ओढलं.

मावशी. कोट, टोपी, गुडघ्यांवर घोंगडी, मागच्या सीटवर तिच्या दोन्ही बॅगा. मला बघून पहिल्यांदा तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "पेट्रोल जातं रे तुझं."

जादाची किल्ली मीच दिली होती तिला, मी हरवतो म्हणून.

इनेस आजी गेली सात तारखेला. तिसऱ्या दिवशी लेकीनं घराला कुलूप लावलं. खरं तर पहिल्या रात्रीच मावशीला घरात झोपू दिलं नव्हतं, तेव्हापासून ती गाडीत. माझ्याकडे का नाही आलीस, विचारलं. चार पुरुषांच्या खोलीत? आणि तू काम टाकून मला गावी पोचवायला निघाला असतास. नाताळानंतर कुणाची ना कुणाची आई पडते, सांभाळायला बाई लागते, नवं घर निघतं, तोवर काढते म्हणाली.

गाडी लवकर तापत नव्हती. तापलेलीच असायची.

मितिकाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पंपावर जाताना त्यानं काच ठोठावली. रोज पावणेसहाला कॉफी आणून द्यायचा, मी यायच्या आधी तिला चर्चच्या बायकांकडे पोचवायचा. तिनंच त्याला आईची शपथ घातली होती, मला सांगू नकोस म्हणून. त्याचं काम गेलं हे तिला ठाऊक नव्हतं. आज पावणेसहा वाजून गेले तरी कॉफी आली नाही, तेव्हा दोनदा काच पुसून बाहेर बघितलं तिनं. मग मी सांगितलं.

ती तोंड खिडकीकडे करून बसली. आता झोपलीय.

पंपाची मालकीण सातला येते. इंजिन चालू ठेवलंय.