ऋतुजाच्या पिस्तुलातली जुनी स्प्रिंग

मी, बुद्धभूषण यशवंत बनसोडे, वय चोवीस, शिक्षण आठवी, मूळ राहणार मंद्रूप, तालुका दक्षिण सोलापूर, सध्या लुधियानात स्प्रिंगा वळायच्या कारखान्यात कामाला. मंगळवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले लहान आहे, घाबरू नको, आणि लगेच चार कागदांवर सह्या घेतल्या. तेव्हा वाटलं, एक सही आपल्या मनाचीपण असावी. म्हणून पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय हे लिहून ठेवतो.

कलम १. मंद्रूपच्या घरातला माझा वाटा आणि बँकेत असेल ते आई नागूबाई हिचं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं ती म्हणायची. खरंच हाय. लूम सोडला, ट्रक सोडला, हॉटेल तर दोनदा सोडलं.

कलम २. मोबाईल बहीण प्रतिक्षाला. कुलूप कसं उघडायचं ते तिला आधीच माहीत आहे, आणि मला ते माहीत नाही असं तिला वाटतं.

कलम ३. सूप ज्याचं त्याला, म्हणजे सिद्धप्पा वस्तादांना, परत. ते मी न विचारता आणलं. वस्ताद अक्कलकोटकडचे, फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. नंतर सोलापूरच्या नेमबाजी क्लबात पिस्तुलं बघायचे. त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं टिकलो. जन्मात दुसरीकडं कुठं एवढा टिकलो नाही.

पिस्तुलाच्या खोलीत सूप कशाला, असं मीपण पहिल्या दिवशी विचारलं होतं. वस्तादांनी ते उजव्या अंगाला चार पावलांवर ठेवलं आणि नेमबाजाला गोळ्या झाडायला लावल्या. रिकाम्या पुंगळ्या एकामागं एक सुपात येऊन पडल्या, कुणी वेचून टाकाव्यात तशा. मी वाकून बघितलं, एकही बाहेर नव्हती. गोळी सुटली की तिच्या धक्क्यानं वरची स्लाईड मागं जाते, पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंग स्लाईडला परत पुढं ढकलते. हे सगळं पापणी लवायच्या आत. स्प्रिंग नरम असली तर पुंगळी सुपाच्या पार जाते आणि पिस्तूल मार खातं. कडक असली तर पायाशी पडते, नाहीतर मधेच अडकते. बोटाएवढी तार, पण एवढा मोठा दणका बरोबर तोलते आणि दर वेळी तितकाच तोलते. कारखान्यात आता रोज शेकड्यांनी वळतो, तरी सुटलेली स्प्रिंग आपल्या मापावर परत आलेली बघितली की हात थांबतो.

वस्तादांचा एक नेम होता. ज्याचं पिस्तूल त्याच्याच हातानं, स्पर्धेच्याच काडतुसांनी सुपात पुंगळ्या टाकायच्या. पन्नासच्या पन्नास पडल्या तरच पिस्तूल द्यायचं.

कलम ४. क्लबातल्या कोचसाहेबांना काही नाही. का ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ५. चुन्याच्या डबीत तेलकट कागदात गुंडाळलेली स्प्रिंग मंगळवेढ्याच्या ऋतुजा अभिमन्यू गवळी हिला पोचवावी. ती तिच्याच पिस्तुलातली आहे. दोन वर्षांपूर्वी निवड स्पर्धेआधी वस्ताद गावी गेले होते. मला ती स्प्रिंग ढिली वाटली. मी न विचारता नवीन कडक बसवली, आणि पन्नास गोळ्या स्वतःच झाडल्या. माझा हात ट्रकवर पोती उचललेला, काडतुसं रोजची, तिखट, जोरदार धक्क्याची. पन्नासच्या पन्नास सुपात. मी खूश.

ऋतुजाचा हात हलका, स्पर्धेची काडतुसं मवाळ, कडक स्प्रिंगपुढं स्लाईड पुरती मागं जाईना. तिसऱ्या गोळीला पुंगळी अडकली. मग सातव्या, मग नवव्या. कोचसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मनगटात दम नाही. मी शेजारीच उभा होतो, गप्प राहिलो. पुढं महिनाभर ती क्लबाच्या भिंतीशी भरलेला तांब्या हात लांब करून धरून उभी राहायची. मग यायची बंद झाली. आता बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसते. मी त्याच आठवड्यात सोलापूर सोडलं.

ऋतुजा, तुझ्या मनगटात दोष नव्हता. माझ्या कामात होता.

कलम ६. हे कलम आज संध्याकाळी जोडलं. वस्ताद दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून काल आले, न बोलवता. साक्षीदार म्हणून कागद दिला तर कलम ५ दोनदा वाचलं. म्हणाले, "मेल्यावर खरं बोलाया काय लागतंय रे? फोन लाव."

मी लावला. सगळं सांगितलं.  दुकानात कुणीतरी खिळे मागत होतं, ते ऐकू येत होतं. मग ऋतुजा म्हणाली, "डबी पाठवू नको. घेऊन ये. गोळ्या मी झाडनार, सूप तू धर."

मी म्हणालो, मंगळवारी ऑपरेशन हाय.

"मग बुधवारी नको येऊ," म्हणाली. "बरा झाल्यावर ये. पर ये."

म्हणून कलम ५ मधलं डबी पोचवायचं रद्द. डबी मी स्वतः नेणार. कलम ३ पण थांबवावं, सूप मला लागणार आहे. मी उठलोच नाही तर डबी आणि सूप वस्तादांनी तिच्याकडं न्यावं. बाकीची कलमं आहेत तशी.

सही: बुद्धभूषण यशवंत बनसोडे

साक्षीदार १: मंजुनाथ, खोलीतला जोडीदार, कारखान्यात सोबत कामाला. वाचून दाखवलं, मग सही केली.

साक्षीदार २: सिद्धप्पा. सूप माझं आहे. उसनं दिलं आहे, याची नोंद घ्यावी.

लुधियाना, रविवार, ८ जून २०२५