आत्याचं मौन

रविवार, १२ जानेवारी
अंबरनाथला आमच्या वाचन मंडळाची बैठक, करमरकर सरांच्या सोसायटीच्या ऑफिसात. नियम तोच. आपल्या विषयाचं पुस्तक घ्यायचं नाही, दुसऱ्याच्या विषयाचं वाचून सांगायचं. नियम सरांनीच केला आणि सरच मोडतात. जन्मभर समाजशास्त्र शिकवलं, आता कोणी काहीही वाचून आलं तरी शेवटी अर्धा तास त्याचं समाजशास्त्र करून देतात. आज कुलकर्णीबाईंनी (बँकेतून निवृत्त) बेसॉल्टवर छान सांगितलं, आपल्या बदलापूरच्या डोंगरांचे थर एकावर एक कसे साचले ते. सरांनी दगडावरून थेट जातिव्यवस्थेवर उडी मारली. मी चहाचे कप गोळा करायला उठले.

मला म्हणाले, तुम्ही ग्रंथपाल, तुमचा असा विषयच नाही, तुम्ही काहीही घ्या. सगळे हसले. उल्हासनगरच्या कॉलेजात इतकी वर्षं पुस्तकं वाटली म्हणजे मी वाढपी. जेवायला कधी बसलेच नाही असा यांचा समज.

गुरुवार, १६ जानेवारी
विठ्ठलवाडी, रद्दीचं दुकान. दुकानदार सिंधी, नोकरीपासूनची ओळख. कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेची लायब्ररी आलीय पोत्यांतून. कीटकशास्त्र, शेतसाऱ्याचा इतिहास, भाषाशास्त्र, कायदा, सगळं एका पोत्यात. इतके विषय आमच्या कॉलेजात एका टेबलावर कधी बसले नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, आप छांट लो, बाकी सब लुगदी में जाएगा." लगदा व्हायच्या आधी वाचवायचं म्हणून दुपारभर छाटलं. शिंका, काळे हात. बरं वाटलं.

एक जाडजूड इंग्रजी. उल्हास खोऱ्यातल्या भातशेती करणाऱ्या लोकांचे लग्नविधी. म्हणजे आम्हीच. घेतलं. सरांच्याच अंगणातलं पुस्तक सरांच्या समोर उघडायचं, मजा येईल.

रविवार, १९ जानेवारी
गावाचं नाव बदललंय, विद्वान लोक बदलतात तसं. पण घर आमचंच. नदीकडची जमीन, ओटी, मोठ्या मुलीचं लग्न. आणि "वधूची धाकटी बहीण, सुमारे आठ वर्षांची, टेपरेकॉर्डर पुन्हा पुन्हा लावायला सांगते." ती मी. लग्न ताईचं. तो चष्मेवाला आठवतो, ओटीवर बसून लिहायचा.

मला एक ओळ. आत्याला अख्खं प्रकरण. हळद लागल्यापासून पाठवणी होईपर्यंत वधूची आत्या वधूच्या बापाशी बोलत नाही, त्याच्याकडे पाठ करून बसते. का, तर कधीकाळी ती स्वतः अशीच परक्या घरी गेली होती, ते दुःख ती मौनाने पुन्हा जगते वगैरे. खाली तळटीपा, परदेशातल्या कुठल्या कुठल्या जमातींशी तुलना. वाचायला सुरेख आहे, लेखकाला भाषा आहे हे कबूल.

फक्त अशी प्रथा आमच्यात नाही. कधीच नव्हती.

बुधवार, २२ जानेवारी
गावी गेले, आत्याकडे. नव्वदीला टेकलीय, कान मात्र शाबूत. मराठी करून वाचून दाखवलं. हसता हसता ठसका लागला, सुनेने पाणी दिलं.

मग म्हणाली, "तुज्या बापानं आदल्या सालात माजा अंगठा घेतला. जमिनीवरचा हक सोरवला न् एक लुगरा दिला. तवापासना बोलनाच टाकला मी त्याच्याशी."
आणि त्या चष्मेवाल्याला रीत म्हणून कोणी सांगितलं?
"तुजे आयशीनं. तो इचारी, आत्या का नाय बोलत. पाव्हन्यांच्या देखत शोभा नको म्हून ती बोलली, आमच्यात रीतच हाय."

म्हणजे वेळ मारून नेण्यासाठी आईने मारलेली एक थाप. आणि आत्याचा तो जळजळीत राग, त्याचा विधी झाला. तळटीपांसकट.

परत येताना रिक्षात डोकं तापलं. मी तरी काय करतेय? विलासशी, धाकट्या भावाशी, वर्षभर बोललेले नाही. तीच जमीन. बिल्डरला द्यायचीय. बहिणींनी हक्कसोडपत्र करायचं असतं, साडी घ्यायची असते, माहेर टिकवायचं असतं. ताईने सही केली. मी केली नाही, करणार नाही. बोलणं बंद.

रविवार, ९ फेब्रुवारी
मंडळात पुस्तक सांगितलं. आधी प्रकरण जसंच्या तसं, मग आत्याचं म्हणणं. मला वाटलं होतं सर निदान चमकतील. ते खुर्चीत आरामात मागे रेलले. म्हणाले, "सांगणाऱ्याचं स्वतःचं स्पष्टीकरण अंतिम मानायचं नसतं, बाई. राग असेलही. पण राग दाखवायला त्यांनी मौनच का निवडलं? कारण ते संस्कृतीत होतं." सगळ्यांच्या माना हलल्या. रसायनवाल्या साठेंनी तर वहीत लिहून घेतलं.

उत्तर बदलापूर स्टेशनला उतरल्यावर सुचलं. दुसरं काय होतं तिच्याकडे?

कुलकर्णीबाईंनी माझा व्हिडिओ काढला होता, ग्रुपवर टाकलाय. अर्धाच. फोन भरला म्हणे मध्येच. फक्त प्रकरण वाचते तेवढं आहे. आत्याचं म्हणणं सुरू होतं आणि मी तोंड उघडं ठेवून थिजते.

गुरुवार, २० फेब्रुवारी
विलासच्या प्राचीचा फोन. लग्न ठरलंय हे ताईकडून कळलंच होतं, अक्षय्य तृतीयेचं. व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचलाय. "आत्या, किती भारी! आपल्यात असं असतं आणि मला कोणी बोललंच नाही. मला करायचंय हे." तिला सांगितलं, तसं काही नाहीये, अर्धाच व्हिडिओ आहे तो. ती: हो हो, पण बुकमध्ये आहे ना? आणि कोणाचा तरी दुसरा फोन आला, ठेवते म्हणाली.

चिडावं तरी कोणावर. पोर गोड आहे. बापावर गेली नाही अजून.

शनिवार, १ मार्च
त्याच पोत्यातलं कायद्याचं पुस्तक वाचतेय. रूढी कोर्टात कधी टिकते? जुनी हवी, अखंड हवी, लोकांना बंधनकारक वाटणारी हवी. वाचून हसू आलं, मग नाही आलं. प्राचीच्या लग्नात झाली, मग तिच्या मुलीच्या लग्नात झाली, की झालीच जुनी. बहिणींनी हक्क सोडायचा ही रीत तरी दुसरी कशी तयार झाली असेल?

कीटकशास्त्र बरं. वाळवीवरचं प्रकरण काढलंय. वाळवी निदान संस्कृतीच्या नावाखाली खात नाही.

रविवार, २३ मार्च
वहिनी आली, पत्रिका घेऊन. विलास खाली गाडीत बसून. पत्रिकेत छापलंय: हळदी समारंभ, त्याखाली आत्याचं मौन (पारंपरिक विधी), कु. सुनंदाताई (म्हणजे मी) यांच्या हस्ते. मौन कोणाच्या हस्ते कसं होतं ते त्या छापखान्याला ठाऊक.

वहिनी मोकळी झाल्यासारखी बोलत होती. वर्षभर लोक विचारून भंडावतात, नणंद का येत नाही, काय झालं. आता काही प्रश्नच नाही. विलास म्हणालाय, सुनंदाताई नाही बोलली तरी चालेल, विधीच आहे तो. जाताना दारात चपला घालत म्हणाली, लग्नाच्या गडबडीनंतर एकदा त्या सह्या उरकून टाकू, म्हणजे सगळं गोड.

गॅलरीतून बघितलं. विलासने वर पाहिलं, हात केला. मी नाही केला. तो हसला. माझ्या रागाचं त्याने लग्नाच्या कार्यक्रमात एक स्थान ठरवून टाकलंय, स्टार्टर आणि डीजेच्या मधलं. संताप होतोय.

रविवार, १३ एप्रिल
मंडळात गेले नाही. करमरकरांचा फोन. त्यांना हळदीला यायचंय, "जिवंत परंपरा" बघायला. कुठून कळलं? साठेंनी पत्रिका कुठल्याशा ग्रुपवर पाहिली. मी सांगितलं, सर, तो विधी तुमच्या विषयातल्या त्या पुस्तकाने जन्माला घातलाय. ते खूश झाले. हे तर आणखी रोचक, म्हणाले, यावर लेख होईल. फोन कट केला. या माणसाला अपमानसुद्धा टिपण काढण्यासारखा वाटतो.

बुधवार, १६ एप्रिल
आत्याकडे. तिला मांडवात उभं करायचं, सगळ्यांसमोर खरं सांगायला लावायचं, हा माझा बेत.

तिच्या पलंगावर नवी पैठणी. विलास आधीच येऊन गेलेला. मोबाइलवर तिला बोलायला लावलंय, लग्नात पडद्यावर दाखवणार. आत्या म्हणतेय, व्हय व्हय, आमच्यात पयल्यापासना हाय.

मी भांडले तिच्याशी. म्हातारीशी, एवढ्या मोठ्याने, की सून बाहेर आली. तुझा राग होता ना तो? तो विकलास? लाज नाही वाटली?

ती साडीची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "मी मरस्तवर नाय बोलले तुज्या बापाशी. तो गेला तवाबी नाय. काय झाला? त्याला बराच परला ना. बोलली असती त जाब द्यायला लागला असता."

पैठणीवरून हात फिरवत बसली. मी उठून आले. साडीचं तिला कौतुक आहे, असू दे. मला तिचा राग यावा तेवढा येत नाहीये.

शनिवार, २६ एप्रिल
प्राची आली होती, एकटी. मेंदीच्या आधी. मौनाबद्दल सगळं नीट सांगितलं, आत्याचा अंगठा, माझी न केलेली सही, सगळं. ऐकत होती. खाली मान घालून म्हणाली, "मग मी काय करू? पप्पा बोलले, लग्नाच्या आधी तू पण सही कर, जमिनीची. सगळ्या मुली करतात, रीत असते."

केलीस?

नाही अजून. वकील हळदीच्या दिवशी येणारेत, मांडवातच, सगळे नातेवाईक साक्षीला असतात म्हणून. मग विचारलं, आत्या, करायची असते ना?

मी काय बोलले ते आठवत नाही धड. खूप बोलले. ती रडली, मग म्हणाली, तू पप्पांशी बोल ना, माझं ते ऐकत नाहीत. आणि स्वतःच गप्प झाली, कारण तिच्या लक्षात आलं की आत्या पप्पांशी बोलत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल
हळद. सकाळी सातलाच गावी आले. घरामागच्या खोलीत बसून लिहितेय, बाहेर डीजेवाला माइक तपासतोय. वहिनीने मला पिवळी साडी नेसवली, फुलांचा गजरा दिला, म्हणाली, किती दिवसांनी आलात. चांगली वागली. राग धरायला जागा सापडेना.

मांडवात बघून आले. करमरकर सर पहिल्या रांगेत, मांडीवर वही. वकील आलाय, त्याची काळी बॅग पाटाशेजारी, जिथे हळदीची ताटं आहेत. आत्या पैठणीत, खुर्चीवर, एखाद्या देवीसारखी. विलास धावपळीत, घामाने चिंब, केस काळे केलेत. क्षणभर वाटलं, लहानपणी माझ्या मागे मागे फिरणारा विल्या आहे हा. वाटलं आणि गेलं.

माझ्यासाठी एक खुर्ची मांडलीय, झेंडूने सजवलेली, विलासच्या पाटाकडे पाठ करून.

गप्प बसले तर विधी होईल आणि विधी झाल्यावर सही. बोलले तर सगळ्यांच्या देखत वर्षभराचं भांडण मीच मिटवलं असं होईल, आधी बोलणारी हरली असं म्हणतील. म्हणू देत.

पहिलं वाक्य काय असावं यावर सकाळपासून डोकं लावतेय. इतकी पुस्तकं चाळली, एकातही ते मिळालं नाही. "विल्या, वकिलाला परत पाठव" एवढंच सुचलंय. पुढचं पुढे.

माइकवर नाव पुकारतायत माझं. टाळ्या वाजतायत. जाऊन आधी ती खुर्ची फिरवायची, त्याच्या तोंडासमोर.